सामुराईची बाग आणि आपलं पाणी : सहलीला निघण्याआधी मुलांशी काय बोलावं?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमध्ये सहलीचा विषय निघतो. धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांची सहल पुण्याला निघाली की यादी जवळपास ठरलेली असते : शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, सारसबाग. वेळ उरला तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. मुलं तिथे डबा खातात, पुलावर उभं राहून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. अडीचशे किलोमीटर जाऊन जपानमधल्या एका सामुराई सरदाराच्या बागेचं रूप पाहिलं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या लेखात तीन गोष्टी सांगणार आहे. सामुराईचं घर आणि बाग कशी असते, त्यातलं काय आपल्या मुलांना ओळखीचं वाटेल आणि सहलीआधी-सहलीनंतर वर्गात काय घेता येईल. पालकांसाठीही हे लिहितोय, कारण "बाग बघायला एवढे पैसे कशाला?" हा प्रश्न पालकसभेत येतोच. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

पुण्यातल्या बागेचं मूळ कुठलं?

या उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधलं शहर. तिथल्या 'कोराकुएन' नावाच्या बागेच्या धर्तीवर पुण्यातलं हे सुमारे दहा एकरांचं उद्यान तयार झालं आणि २००६ साली लोकांसाठी खुलं झालं. पुलंच्या 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपानचाही प्रवास आहे, तेव्हा उद्यानाला त्यांचं नाव शोभून दिसतं.

मूळ कोराकुएन मात्र चांगली तेहतीस एकरांच्या आसपास आहे. ओकायामाचा दाइम्यो, म्हणजे त्या प्रांताचा मोठा सरदार, इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली बागेचं काम सुरू करायला लावलं आणि १७०० साली ते पूर्ण झालं. आसाही नदीच्या एका बाजूला काळ्या रंगाचा किल्ला आणि दुसऱ्या बाजूला ही बाग. काळ्या भिंतींमुळे किल्ल्याला 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात. मुलांना हे नाव सांगा, ती विसरत नाहीत.

बागेला सुरुवातीला जे नाव होतं त्याचा अर्थ 'मागची बाग'. किल्ल्याच्या मागची बाग, म्हणजे आपल्या भाषेत किल्ल्याचा परसच की!

दोन रकान्यांची सनावळी

आता फळ्यावर दोन रकाने आखा. एकावर 'ओकायामा' लिहा, दुसऱ्यावर 'महाराष्ट्र'.

१६७० : ओकायामात शिझुतानी नावाची शाळा सुरू झाली. तिच्याबद्दल पुढे येईलच. त्याच वर्षी फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला.

१६८७ : कोराकुएनचं काम सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी औरंगजेबाने विजापूर जिंकलं होतं. पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं.

१७०० : बाग पूर्ण झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं.

म्हणजे ज्या रस्त्याने गाडी पु. ल. उद्यानाला जाते, त्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या गडावर मराठे लढत होते आणि त्याच वर्षांत तिकडे ओकायामात माळी दगड रचत होते. चौथीच्या मुलांनी परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवरायांचा इतिहास वाचलेला असतो. त्यांना हा धागा लगेच सापडतो.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा. सामुराई म्हणजे लढवय्ये, मग ते बाग करत कसे बसले? उत्तर शांततेत आहे. १६०३ पासून जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती आणि त्यानंतर थोडेथोडके नाही, अडीचशे वर्षं तिथे मोठं युद्ध जवळजवळ झालंच नाही. सरदारांना नवे किल्ले बांधायला बंदी होती. किल्ल्याच्या डागडुजीलाही शोगुनची परवानगी लागायची. १६३५ पासून तर प्रत्येक दाइम्योला आलटून पालटून राजधानी एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथे राहावं लागे आणि त्याची बायकामुलं कायम तिथेच असत. तलवार कमरेला राहिली, पण दिवस जायचा हिशेब, लिखाण, वाचन आणि कारभारात. सैन्यावर आणि तटबंदीवर लागणारा पैसा, कौशल्य, हौस बागांकडे वळली.

आपल्याकडे त्याच काळात सत्तावीस वर्षांचं युद्ध चाललं होतं. आपले पूर्वज बागा करण्यात कमी पडले, असं मुलांना वाटायला नको. बाग लावायला माती, पाणी लागतं, तशी शांतताही लागते.

सामुराईचं घर : ढेलजेपासून परसापर्यंत

दाइम्यो हा बडा सरदार. साधे सामुराई किल्ल्याभोवतीच्या गावात आपापल्या घरांत राहायचे. आपल्याकडचे पाटील, देशमुख ज्या गावाचा कारभार बघत त्याच गावात वाडा किंवा गढी बांधून राहत. सामुराई मात्र बहुतेक जमिनीपासून दूर, किल्ल्याच्या सावलीला असायचे आणि पगार तांदळात घ्यायचे. तांदूळ मोजायचं माप 'कोकु'. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. ओकायामाचं राज्य ३ लाख १५ हजार कोकुंचं होतं. पाचवीच्या मुलांना यावर गुणाकाराची चार उदाहरणं सहज घालता येतात.

आजही जपानमध्ये अशी घरं पाहायला मिळतात. कानाझावा शहरातल्या नागामाची भागात मातीच्या भिंतींच्या गल्ल्या आहेत. हिवाळ्यात बर्फाने माती उकलू नये म्हणून त्या भिंतींवर गवताच्या चटया बांधतात. पांढरीच्या मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं पाहिलेल्या आपल्या मुलांना याचं फार नवल वाटणार नाही. आपल्याकडेही पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून ते चोपून घेतातच.

घराच्या आत शिरण्याचा क्रम मुलांना असा सांगता येईल.

दरवाजा : घराचा दरवाजा केवढा आणि कसा असावा, हे त्या सामुराईच्या हुद्द्यावर ठरायचं. दरवाजा पाहूनच माणसाचा मान कळायचा. आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांच्या दरवाजांवरूनही ते कळतं.

आडभिंत : दक्षिणेकडच्या चिरान गावात दरवाजातून आत गेलं की समोर दगडी आडभिंत लागते. सरळ आत दिसत नाही, सरळ आत धावताही येत नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजातही वाट वळवलेली असते, ती याचसाठी.

ढेलज : मराठवाड्यातल्या वाड्याला ढेलज असते. परका माणूस तिथवर येतो, घरचा पुढे जातो. सामुराईच्या घरातही पाहुण्यांचं प्रवेशदार वेगळं आणि घरच्यांचं वेगळं असायचं.

खोल्या : खोलीत गवताच्या जाड चटया, तातामी, अंथरलेल्या असतात. एक चटई साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. खोली फुटात न सांगता 'आठ चटयांची खोली', 'सहा चटयांची खोली' असं सांगतात. आपले आजोबाही 'पाच खणांचं घर' असंच सांगतात ना? बसायच्या मुख्य खोलीत एक कोनाडेवजा उंचवट्याची जागा असते. तिथे एक चित्र आणि एखादं फूल, एवढंच. बाकी खोली रिकामी.

ओसरी : खोलीला लागून लाकडी पट्ट्यांची ओसरी. तिथे बसायचं आणि समोरची बाग बघायची. बाग फिरण्यासाठी असते तशी बसून बघण्यासाठीही असते. सरकती दारं उघडली की खोली आणि बाग एक होते.

बाग कशी बघायची?

आपल्या मनात बाग म्हटलं की फुलांचे ताटवे आणि घसरगुंडी येते. जपानी बागेत मुलांना हे मिळत नाही आणि ती दहा मिनिटांत कंटाळतात. म्हणून आधीच तीन गोष्टी शोधायला सांगा.

पहिली गोष्ट वळण. वाट मुद्दाम वळवलेली असते. एका ठिकाणी उभं राहून सगळी बाग दिसत नाही. वळलं की तळं, पुन्हा वळलं की टेकाड, मग पूल. मुलांना सांगा, प्रत्येक वळणावर थांबा आणि 'मघाशी दिसत नव्हतं असं आता काय दिसलं?' ते एका शब्दात वहीत लिहा.

दुसरी गोष्ट दगड. दगड सुटे टाकलेले नसतात, अर्धे जमिनीत पुरलेले असतात, म्हणजे ते तिथलेच वाटतात. शेताच्या बांधावर दगड पाहणाऱ्या मुलांना हा फरक चटकन कळतो.

तिसरी गोष्ट उसनं दृश्य. बागेबाहेरचा डोंगर, देऊळ किंवा किल्ला बागेचाच भाग वाटेल अशी झाडांची आणि मोकळ्या जागेची मांडणी करतात. कोराकुएनमधून नदीपलीकडचा काळा किल्ला असाच दिसतो. त्यासाठी एक पैसाही खर्च नाही! पु. ल. उद्यानात मुलांना विचारा : बाहेरचं काय काय बागेत आलंय? टेकडी आली? इमारती आल्या? त्यातलं काय चांगलं वाटतं आणि काय झाकावंसं वाटतं?

"एवढं पाणी नुसतं बघायला?"

हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलीचा. कोराकुएनची चित्रं दाखवत होतो. मोठं तळं, त्यात बेटं, बागभर फिरणारा ओहोळ. एका बैठ्या इमारतीच्या तर मधूनच पाणी वाहतं आणि पाहुणे दोन्ही काठांना बसतात. मी कौतुकाने सांगत होतो आणि ती म्हणाली, "गुरुजी, एवढं पाणी नुसतं बघायला?" तिच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा हंडे लावायचं काम तिचंच असतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागातल्या मुलीने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. मला वाटतं, या सहलीचा सगळ्यात मोलाचा भाग हाच प्रश्न आहे. तो दाबू नका. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला तीन ठिकाणी जावं लागेल.

पहिलं ठिकाण ओकायामाच. बागेचं काम ज्याच्याकडे होतं तो त्सुदा नागातादा हा त्सुनामासाचा कारभारी होता. बाग हे त्याचं पहिलं काम नव्हे. ओकायामा शहर पुराने बुडत असे, म्हणून आसाही नदीचं जादा पाणी बाजूला काढणारा मोठा कालवा त्याने खोदवला. त्याआधी, त्सुनामासाचे वडील इकेदा मित्सुमासा यांच्या हुकुमाने १६७० मध्ये शिझुतानीची शाळा सुरू झाली, तिची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. ही शाळा सामान्य लोकांच्या मुलांसाठी होती. तिचा १७०१ मध्ये पूर्ण झालेला अभ्यासाचा दिवाणखाना आजही उभा आहे. शिक्षक म्हणून मला बागेपेक्षा याच गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं.

बागेतही सगळं पाणी नुसतं बघायला नव्हतं. तिथे भाताची खाचरं आहेत आणि चहाचा मळाही आहे. ठरावीक दिवशी प्रांतातल्या सामान्य लोकांना आत येऊ देत असत. १८८४ मध्ये तर बाग सरकारच्या ताब्यात जाऊन सगळ्यांसाठीच खुली झाली.

आणि 'कोराकुएन' हे नाव? ते १८७१ मध्ये दिलं गेलं. 'को' म्हणजे नंतर, 'राकु' म्हणजे आनंद, 'एन' म्हणजे बाग. नंतरच्या आनंदाची बाग. यामागे एक जुना चिनी विचार आहे : राज्यकर्त्याने चिंता सगळ्यांच्या आधी वाहावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं. आधी पूर आवरायचा, शाळा काढायची, मग तळं. हे सगळं शेतकऱ्यांनी भरलेल्या तांदळावर उभं राहिलं, हेही मुलांना सांगायला हवं. नाव छान आहे म्हणून त्या मुलीचा प्रश्न मिटत नाही. पण राजाच्या बागेला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्या नावाने कळतं : आधीचं काम झालंय का?

दुसरं ठिकाण आपलं नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा हा किल्ला आपल्याच जिल्ह्यात आहे. बोरी नदीवर दगडी बंधारा बांधून मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाला जोडलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सुमारे १६१३ मध्ये, हे काम झालं. बंधाऱ्याने पाणी अडवलं, किल्ल्याची गरज भागली, शत्रूची वाट अवघड झाली. आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल केला. नदी भरून वाहू लागली की दोन सांडव्यांतून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात आणि महालाच्या खिडकीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोरून पाणी पडतं. जे पाणी सांडव्यावरून जाणारच होतं, तेच बघण्यासाठी वापरलं. इथेही आधी काम आणि मग आनंद. नाव कुणी दिलं नाही, एवढंच.

तिसरं ठिकाण चिरान. तिथे सामुराईंच्या घरांच्या सात बागा जपलेल्या आहेत. त्यांतल्या एकाच बागेत तळं आहे. उरलेल्या सहांत पाण्याचा थेंब नाही. पांढरी वाळू म्हणजे पाणी, उभे दगड म्हणजे डोंगर आणि धबधबा. मनाने बघायचं. पाण्याशिवाय पाण्याची बाग! हे सांगितल्यावर वर्गात जो गलका झाला, त्यातूनच पुढच्या कृती सुचल्या.

वर्गात घ्यायच्या कृती

१. परातीतली बाग : परातीत चाळलेली वाळू पसरा. तीन लहानमोठे दगड अर्धे रोवा. जुन्या कंगव्याने वाळूवर रेघा ओढा. दगडाभोवती गोल, बाकी सरळ. मग एकमेकांना विचारा : इथे पाणी कुठून कुठे वाहतंय? खर्च शून्य.

२. आपलं घर वाचू या : मुलांनी घराचा साधा नकाशा काढायचा. परका माणूस कुठवर येतो? पाणी घरात कुठून येतं? आंघोळीचं, भांड्यांचं पाणी कुठे जातं? गावात जुना वाडा असेल तर मालकांची परवानगी घेऊन ढेलज, ओसरी, बळद, आड अशा जागांची नावं आजीकडून लिहून आणायची. ही नावं आपल्या पिढीबरोबर जायची वेळ आली आहे.

३. न्हाणीपासून परसापर्यंत : शाळेतल्या हात धुण्याच्या नळाचं पाणी चर काढून परसबागेत नेता येतं का, ते मुलांनाच ठरवू द्या. उतार मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी बघतो तशी बघता येते. चराला एक वळण मुद्दाम द्या. काठाला दोन दगड रोवा. आमच्या शाळेत अळू आणि कढीपत्ता याच पाण्यावर आहे.

४. उसनं दृश्य : पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून शाळेच्या आवारातून बाहेर बघायचं. बालाघाटची रांग दिसते? देवळाचा कळस? कुठे उभं राहिलं तर चित्र चांगलं दिसतं, तिथे खडूने पावलं काढायची.

पालकांसाठी थोडंसं

सगळ्यांना पुण्याची सहल परवडत नाही, हे मान्यच आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी पावसाळ्याच्या शेवटी नळदुर्गला जावं. तिथे पाणी जोरात असतं, दगड निसरडे असतात, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका आणि काठावर फोटोचा हट्ट पुरवू नका. शाळेची सहल असेल तर पालकांचं संमतीपत्र आणि वरिष्ठांची परवानगी लागतेच.

पण कुठेही गेलात तरी मुलांना मोबाईलसमोर उभं करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसू द्या. सामुराई ओसरीवर बसून बाग बघायचा तसं. आणि मग विचारा : हे कुणी बांधलं? कशासाठी? पाणी कुठून आलं? कुणाला आत येऊ देत होते? या चार प्रश्नांवर कोणताही वाडा, किल्ला, बाग मुलं स्वतः वाचू शकतात.

एक शेवटची गोष्ट. १८६८ नंतर सामुराईंची सत्ता गेली, पगार बंद झाले, १८७६ मध्ये कमरेची तलवारही बंद झाली. तेव्हा हागी गावातल्या सामुराईंनी पोटासाठी आपल्या आवारांत उन्हाळी संत्र्यांची झाडं लावली. आजही त्या गावातल्या जुन्या भिंतींवरून संत्री डोकावतात. आमच्या वर्गातल्या त्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग ही बाग बरी." मी वाद घातला नाही. तुमची मुलं कोणती बाग बरी म्हणतात, ते जरूर विचारून बघा.